बाटलीवरचं घर

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ फ्रान्सहून आला. तुलूजला नोकरी करतो. माझ्यासाठी त्याने रेड वाइनची एक बाटली आणली होती, आणि ती किती महाग आहे हे थेट न सांगता तीन वेळा सुचवलं. ती घरात ठेवायची कुठे हा प्रश्न आला. फ्रिज आई उघडते, कपाट बाबा उघडतात. शेवटी बाटली रिकाम्या कांदाचाळीत गोणपाटाखाली गेली, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ती घेऊन शेतात गेलो. बूच काढायचं यंत्र नव्हतं. लाकडात मारायचा स्क्रू बुचात फिरवला आणि पक्कडीने ओढला. अर्धं बूच आत पडलं. स्टीलच्या पेल्यांतून आम्ही ती वाइन बांधावर बसून प्यायलो तेव्हा तिच्यात बुचाचा चुरा तरंगत होता.

चव सांगायची तर पहिल्या घोटाने निराशा केली. जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते तसं काहीतरी. पण अर्ध्या तासाने, पेल्यात हवा लागल्यावर, तीच वाइन बदलली. जांभळाच्या मागून शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा वास आला, मग पहिल्या पावसातल्या मातीसारखा. गोडवा नाही, भडकपणा नाही. आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसासारखी होती ती. गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहते, आणि गेल्यावर कळतं की गेली.

बाटलीवर नाव होतं शातो लिओव्हिल बार्टन. नावाच्या आसपास एका ऐसपैस, जुन्या घराचं चित्र. आतेभाऊ फोनवर वाचून दाखवत होता: बोर्दो, सँ-झुलियाँ गाव, १८२६ पासून एकाच घराण्याकडे.

तेवढ्यात आबा शेळ्या घेऊन बांधावरून आले. ते जवळच्या वसाहतीत राहतात. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता, आणि लपवायलाही वेळ मिळाला नाही.

"काय रं, औषध हाये का?"

"द्राक्षाची दारू आहे आबा. फ्रान्सची. दोनशे वर्षं एकाच घराण्याचा मळा आहे," आतेभाऊ म्हणाला.

आबांनी बाटली हातात घेतली, लांब धरून चित्र पाहिलं. "वाडा मोठा हाये," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आन् मळ्यात राबणारे? त्यांच्याबी पिढ्या त्याच का?"

आतेभावाने फोनवर खाली-वर केलं. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात, कागदावर आता अहिल्यानगर आणि तोंडात अजून नगर, दारूचा नैतिक प्रश्न म्हटला की तो एकच असतो: प्यावी की नाही. राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यातलं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. त्या वादात दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. बाटली कुणाच्या जमिनीवर आणि कुणाच्या हातांनी भरते, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आबांना पिण्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. त्यांनी लेबल वाचलं, आणि त्यात कुणाची वर्षं मोजली आहेत ते विचारलं.

आधी त्या घराबद्दल सांगतो, कारण ती गोष्ट खरोखर चांगली आहे.

बार्टन हे फ्रेंच नाहीत. थॉमस बार्टन १७२२ मध्ये आयर्लंडहून बोर्दोला व्यापारासाठी आला. तो तिथे उपराच. त्या काळच्या फ्रेंच कायद्यानुसार परदेशी माणूस मेला की त्याची मालमत्ता राजाकडे जमा होई. थॉमसने वाइनच्या व्यापारात पैसा केला, पण तिथे द्राक्षमळा विकत घेतला तो त्याच्या नातवाने, ह्यूने. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ह्यू तुरुंगात जाऊन आला आणि देश सोडून गेला. त्याच्या माघारी धंदा सांभाळला दानिएल गेस्तिए नावाच्या भागीदाराने. दिवस पालटल्यावर ह्यूने १८२१ मध्ये लांगोआ नावाची वाडी घेतली आणि १८२६ मध्ये शेजारच्या लिओव्हिल इस्टेटीचा एक तुकडा. ही लिओव्हिल इस्टेट एके काळी प्रचंड होती. क्रांतीनंतर तिचे भाग पडत गेले, आणि आज ती तीन वेगवेगळ्या नावांनी तीन वेगवेगळ्या वाइन देते. म्हणजे 'ऐतिहासिक घराणं' सुरू होतं तेच दुसऱ्या एका घराण्याच्या फाळणीतून.

आणि हे वाचून मी हसलो होतो: बाटलीवर जे घर आहे ते लिओव्हिलचं नाहीच. ह्यूच्या वाट्याला जमीन आली, तिच्यावर वाडा नव्हता. म्हणून लिओव्हिलची वाइन लांगोआतच बनत आली, आणि लेबलवर चित्र आहे तेही लांगोआच्या घराचं.

(नगरकरांसाठी एक आगाऊ माहिती. ह्यू बार्टन फ्रान्समध्ये मळे घेत होता त्याच सुमाराला नगरला कलेक्टर होता हेन्री पॉटिंजर, आणि तोही आयर्लंडचाच. पुढे तो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. त्या काळात आयर्लंडच्या धाकट्या मुलांना जगभर जमिनी मोजायची कामं लागलेली दिसतात.)

दुसऱ्या महायुद्धात त्या घराण्याची जमीन पुन्हा एकदा जाता जाता राहिली. १९४० मध्ये जर्मनांनी बोर्दो ताब्यात घेतलं तेव्हा मालक रोनाल्ड बार्टन जर्मनांविरुद्ध लढायला निघून गेला होता. शत्रूची मालमत्ता म्हणून मळा जप्त व्हायला हवा होता. पण जुन्या भागीदाराच्या वंशातला, त्याच नावाचा दानिएल गेस्तिए जर्मनांकडे गेला आणि म्हणाला, बार्टन आयरिश आहेत, आयर्लंड तटस्थ आहे, यांची जमीन तुम्हाला घेता येणार नाही. जर्मनांनी ते मानलं. युद्ध संपल्यावर रोनाल्ड परत आला, मळा जागेवर होता. त्याला मूल नव्हतं, म्हणून पुतण्या अँथनी आयर्लंडहून येऊन राहिला, आणि १९८३ मध्ये मळा त्याच्याकडे आला. अँथनी २०२२ मध्ये गेला. आता त्याची मुलगी आणि तिची मुलं बघतात. १८५५ मध्ये नेपोलियन तिसरा याच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची प्रतवारी लावली. त्या यादीतली, मालक न बदललेली घराणी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

ही गोष्ट ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण आम्ही ज्या बांधावर बसलो होतो तिथे असंच काहीसं घडलेलं आहे. गेलेल्या मालकाची जमीन जपून ठेवली गेली आणि त्याच्या वारसांना परत मिळाली. ते वारस म्हणजे आम्ही.

श्रीरामपूर-राहाता-कोपरगाव पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, कालवे वाहू लागले, आणि जिथे बाजरीसुद्धा पावसावर सोडलेली होती तिथे ऊस शक्य झाला. मग खाजगी साखर कारखाने आले: हरेगावची बेलापूर कंपनी, १९३३ मध्ये टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगावाकडे साकरवाडी. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिलं, त्यामुळे या धंद्याला बरकत होती. कारखान्यांना सलग जमीन हवी होती. ती त्यांनी शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या कराराने, खंडाने घेतली. जमीन शेतकऱ्याची, ऊस कारखान्याचा, वर्षाला ठरलेला खंड. हे शेतकरी म्हणजे खंडकरी.

एरवी खंडाने जमीन घेणारा गरीब कूळ असतो आणि देणारा जमीनदार. इथे उलटं झालं. घेणारी कंपनी होती आणि देणारा दहा-पंधरा एकरांचा कुणबी. त्यामुळे कुळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, 'कसेल त्याची जमीन' झाली, तरी या जमिनींना ते लागू झालं नाही. कारखान्यांना उसासाठी दिलेल्या जमिनी त्यातून वगळलेल्या होत्या. नाहीतर कसणारी म्हणून कंपनीच मालक झाली असती. नंतर १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कारखान्यांकडची हजारो एकर जमीन सरकारने घेतली, आणि ती कसायला १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. खंडकऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की जमीन कारखान्याची नव्हतीच, आमची होती. हे म्हणण्यात दोन पिढ्या गेल्या. मोर्चे, कोर्ट, निवडणुकीतली आश्वासनं. २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या.

माझ्या पणजोबांनी अठरा एकर एका कारखान्याला दिली होती. परत मिळाली तेव्हा वाटण्या होऊन बाबांच्या वाट्याला साडेतीन एकर आली. मूळ गट नव्हे, दुसऱ्याच ठिकाणची. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत खंडाचा करारनामा होता, मोडीतला. घरात कुणालाही मोडी वाचता येत नाही. पण तो कागद ज्या काळजीने कापडात गुंडाळून ठेवलेला होता तेवढ्या काळजीने आईचे दागिनेही ठेवलेले नव्हते. आजोबा दरवर्षी मृग लागायच्या आधी जाऊन जुन्या गटाच्या बांधावर थोडा वेळ उभे राहायचे. आत जायचे नाहीत. हे मी लहानपणी पाहिलेलं आहे, आणि जमीन मिळाल्याचं कळलं त्या दिवशी बाबा रडले तेही पाहिलेलं आहे. म्हणून पुढचं लिहिताना मी खंडकऱ्यांच्या हक्कावर शंका घेतो आहे असं कुणी समजू नये. तो हक्क खरा होता.

अडचण अशी की आबाही खरे आहेत.

आबा महामंडळाच्या मळ्यावर कामगार होते. त्यांचे वडील त्याआधी, कारखान्याच्या काळापासून. आबांनी बाराव्या-तेराव्या वर्षी पाणी धरायला सुरुवात केली आणि मळा बंद पडत गेला तोवर तिथेच होते. त्यांची आई उसात खुरपायची, बायको खुरपायची. आता आमच्या नावावर असलेल्या साडेतीन एकरांत पाण्याचा पाट कुठे फुटतो, कुठली पट्टी चिबडते, कुठे मुरूम वर आहे, हे बाबांनी त्यांनाच विचारून घेतलं. दोघांची वर्षं मोजली तर आबांच्या घराने त्या मातीत साठ-पासष्ट वर्षं काढलीत. आमच्या घराने त्या विशिष्ट मातीत, २०१२ नंतरची धरून, दहा-बारा. पणजोबांच्या मूळ गटात धरली तरी वीसेक. बाकीची सगळी वर्षं आमचं तिथे फक्त नाव होतं.

या प्रश्नाला आपल्याकडे जुने शब्द आहेत. मराठेशाहीत शेतकऱ्यांचे दोन प्रकार होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. दुष्काळात परागंदा झाला, पुष्कळ वर्षं गावात नव्हता, तरी परत येऊन तो आपली जमीन मागू शकत असे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. कितीही कसली तरी ती त्याची होत नसे. मिरासदाराची अनुपस्थिती मोजली जात नव्हती आणि उपऱ्याची उपस्थिती मोजली जात नव्हती. आज आपण 'मिरासदारी' हा शब्द मक्तेदारीला वापरतो, जरा नाक मुरडून. 'उपरा' हा शब्द तर शिवीच्या जवळ गेला. पण व्यवस्था म्हणून पाहिलं तर बोर्दोतली गोष्ट आणि आमची गोष्ट दोन्ही मिरासदाराच्या परत येण्याच्या गोष्टी आहेत. म्हणून तर त्या ऐकायला इतक्या गोड लागतात.

उलट बाजूचे नियमही होते. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की मालक डोळ्यांदेखत पाहतो आहे, तक्रार करत नाही, आणि दुसरा वीस वर्षं जमीन वापरतो, तर मालकाचा हक्क जातो. आजच्या कायद्यात हीच मुदत बारा वर्षांची. म्हणजे नुसत्या वहिवाटीलाही वजन आहे. पण ते कधी? जमीन आपलीच आहे असं म्हणून वापरणाऱ्याला. दुसऱ्यासाठी राबणाऱ्याला नाही. चोरून बसलेल्याची बारा वर्षं धरली जातात आणि पगारावर राबलेल्याची पंचेचाळीस धरली जात नाहीत. कायद्याला यात विसंगती वाटत नाही. मला कॉलेजात असताना वाटली नसती. आता वाटते.

जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ मालकीबद्दल विचार करताना नेहमी आठवला जातो. त्याचं म्हणणं, देवाने जमीन सगळ्यांना दिली, पण माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. हे पुस्तक १६८९ चं. गंमत म्हणजे त्याच्या बारा वर्षं आधी, १६७७ मध्ये, लॉक स्वतः बोर्दोला गेला होता आणि तिथला सगळ्यांत नावाजलेला द्राक्षमळा, पोंताक घराण्याचा ओ-ब्रियाँ, त्याने पाहिला. त्याने टिपून ठेवलं की जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि गोटे, दुसरं काही उगवणार नाही अशी. आणि एक चर ओलांडला की शेजारचा मळा, दिसायला तीच माती, पण व्यापारी सांगतात की वाइन तशी होत नाही.

मग फरक कशाने? आज बोर्दोवाले याला मातीचा गुण म्हणतील. असेलही, निचरा, उतार, नदी किती लांब, याने फरक पडतोच. पण ज्याने नाशिककडे द्राक्षबागेत एक हंगाम काढला आहे त्याला माहीत असतं की वेल म्हणजे छाटणी. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. तिकडे थंडीत एकदाच. कुठला डोळा ठेवायचा, कुठली काडी काढायची, हे प्रत्येक वेलीपुढे वाकून ठरवावं लागतं, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या वेलीचा आकार म्हणजे चाळीस-पन्नास छाटण्यांचा हिशोब. मेदोकमध्ये तर ठरावीक पट्टी ठरावीक कामगाराकडे सोपवायची जुनी पद्धत आहे, वेलीची ओळख राहावी म्हणून. 'घराण्याची शैली' असं त्या वाइनबद्दल म्हणतात. घराणं निर्णय घेतं, पैसा घालतं, वाईट वर्षी तोटा सोसतं, तेही मोलाचं आहे. अँथनी बार्टनचं नाव तर यासाठी घेतलं जायचं की शेजाऱ्यांनी भाव आकाशाला नेले तेव्हा त्याने आपले बेताचे ठेवले. पण शैली ज्या बोटांत असते ती बोटं लेबलवर नसतात.

लॉककडे याचं उत्तर होतं, आणि ते वाचून मी दोनदा मागे जाऊन पाहिलं की खरंच असंच लिहिलंय का. श्रमाने मालकी येते हे सांगताना उदाहरणादाखल तो म्हणतो की माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेली माती, दोन्ही माझीच होतात. घोडा आणि नोकर एकाच वाक्यात. श्रम मिसळणारा नोकर, आणि मिसळले गेले ते मालकाचे. एवढा मोठा सिद्धांत, आणि त्याच्या मधोमध एक माणूस हातात फावडं घेऊन उभा आहे, त्याच्याकडे सिद्धांत मांडणाऱ्याचं लक्ष नाही.

मी हे बाबांना सांगितलं. लॉक वगळून. बाबा म्हणाले, "त्यांनी पगार घेतला ना?"

मी म्हटलं, "आपणही खंड घेतलाच होता की."

"खंड घेतला म्हणजे जमीन विकली नाही."

"पगार घेतला म्हणजे काय विकलं?"

बाबा काही बोलले नाहीत. मलाही उत्तर येत नाही. त्या दिवसाचं काम विकलं, हे तर झालंच. पण पंचेचाळीस वर्षांचे दिवस एकाच जागी विकल्यावर माणूस आणि ती जागा यांच्यात जे तयार होतं, त्याची पगारपत्रकात नोंद नसते. आजोबा बांधावर जाऊन उभे राहायचे, त्याला आम्ही घरात 'जमिनीची ओढ' म्हणत आलो. आबा रोज शेळ्या घेऊन तिथूनच जातात, दुसरी जवळची वाट असताना. त्याला आम्ही काय म्हणतो? "म्हाताऱ्याला सवय आहे."

डेव्हिड ह्यूम हा लॉकनंतरचा, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. त्याचं म्हणणं, नुसता काळ गेल्याने जगात खरोखर काही तयार होत नाही. जुन्या ताब्याला आपण हक्क म्हणतो ते आपल्या मनाच्या सवयीने. हे मान्य केलं तर प्रश्न उरतो की आपलं मन कुणाच्या जुनेपणाची सवय लावून घेतं. माझ्या मते ज्याचं नाव लिहिलेलं असतं त्याच्या. बार्टनांच्या बाटलीवर नाव, आमच्या सातबाऱ्यावर नाव. आबांकडेही कागद आहेत, हजेरीचे, पगाराच्या पावत्या, एका पिशवीत. त्यांवरही नाव आहे. पण तारीख एकेका महिन्याची आहे. त्या कागदांची बेरीज करून त्यातून एक 'पासून' तयार करायची पद्धत आपल्याकडे नाही.

टिळकनगरची आठवण इथे निघावी हे ओघानेच आहे. ज्या कंपनीने तिथे साखर कारखाना काढला तिची ओळख आज साखरेपेक्षा 'मॅन्शन हाउस' आणि 'कुरियर नेपोलियन' या ब्रँडींनी होते. एक नाव हवेलीचं, एक फ्रेंच सम्राटाचं, आणि गावाचं नाव टिळकांचं, ज्यांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन चालवलं होतं. मला यात कुणाला टोमणा मारायचा नाही. मला एवढंच दिसतं की बाटली विकायची तर तिच्यावर घर लागतं, मोठं, जुनं, शक्यतो दुसऱ्या देशातलं. खुरपणाऱ्या बाईचं नाव असलेली बाटली मी अजून पाहिलेली नाही.

कुणी म्हणेल की राबणाऱ्यांवर सगळीकडे अन्यायच होतो, त्यात नवीन काय. खरं आहे. २०२३ मध्ये फ्रान्सच्या शॅम्पेन भागात द्राक्षतोडणीच्या वेळी उष्णतेच्या लाटेत काही मजूर दगावले. बोर्दोपासून तो भाग लांब आहे आणि त्याचा या घराण्याशी संबंध नाही. आमच्या पाथर्डी-शेवगावातून दर दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सहा महिने दुसऱ्यांच्या फडात राहतात. ते प्रश्न याहून मोठे आणि तातडीचे आहेत. माझा प्रश्न लहान आहे, कारण त्यात कुणी खलनायक नाही. पगार मिळाला होता. खंड मिळाला होता. कायद्याने घेतलं, कायद्याने परत दिलं. सगळ्यांनी आपापलं बरोबर केलं, आणि तरी ज्याची वर्षं सर्वांत जास्त तो घरापुरत्या जागेसाठी अर्ज करत बसला आहे.

वसाहतीतली घरं जुन्या मळ्याचीच आहेत, त्यांच्या नावावर नाहीत. आबांच्या घराची मागची भिंत आमच्या बांधाला लागून आहे. त्यांचा गोठा, एक चिंच, शेळ्यांचा कुड, हे सगळं मोजणीत आमच्या हद्दीत निघालं. दीड गुंठा असेल. मोजणी झाली त्या दिवशी आबांनी स्वतः दगड रोवायला मदत केली.

गेल्या उन्हाळ्यात चुलते म्हणाले, तार मारून घेऊ, उद्या नातवंडं हक्क सांगतील. बाबा म्हणाले, म्हातारा आहे तोवर राहू दे. मी म्हटलं, देऊन टाकू, लिहून. मग अडचणी निघाल्या. जमीन भोगवटादार वर्ग दोनची मिळालेली, परवानगीशिवाय हस्तांतर नाही. वर्ग एक करायचा निर्णय झालाय, पण आमची नोंद व्हायची आहे. शिवाय दीड गुंठ्याला तुकडेबंदी आडवी येते, १९४७ चा कायदा. तलाठ्याकडे दोन खेपा झाल्या. सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. त्या आमच्या सोयीच्याही आहेत, हे मला परतीच्या वाटेवर गाडी चालवताना जाणवतं, आणि घरी पोचेपर्यंत मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागलेलो असतो.

दुसऱ्या दानिएल गेस्तिएचा मी बरेचदा विचार करतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मळा त्याचा नव्हता. तो गेला आणि दुसऱ्याच्या हक्कासाठी खोटं म्हणावं की खरं म्हणावं असं काहीतरी बोलून आला, आणि ते चाललं. आयरिशपणाचा धागा त्याने शोधून काढला. आमच्यासाठीही आजोबांच्या पिढीतल्या वकिलांनी, पुढाऱ्यांनी असेच धागे शोधले. आबांसाठी धागा शोधायचा तर तो कुठून निघेल? हजेरीच्या पावत्यांतून? चिंचेच्या वयातून? चिंच त्यांच्या आईने लावलेली आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. साक्षीला माणसं मिळतील.

त्या संध्याकाळी वाइन संपली तेव्हा अंधार पडला होता. आबांनी रिकामी बाटली मागून घेतली, काच जाड आहे म्हणाले, करडईचं तेल ठेवायला बरी. बूच तुटल्याचं पाहून हळहळले. परवा त्यांच्या घरी गेलो तर बाटली तेलाची नव्हती. सुनेने तिच्यात पाणी भरून मनी प्लांटची वेल लावली होती आणि खिडकीत ठेवली होती. लेबल अर्धं ओलं होऊन सुटलं होतं, पण घराचं चित्र शाबूत होतं, रस्त्याच्या बाजूला तोंड करून.

आबा म्हणाले, "बस की, च्या टाकती ती."

मी बसलो. तारेचं बंडल चुलत्यांनी आणून कांदाचाळीत ठेवलंय, हे त्यांना माहीत आहे की नाही ते मला कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.